माझ्या खुब्याचे उपकारकर्ते

कृपया

फोनवरची बाई 'कृपया' म्हणाली, तिथूनच सगळं बिघडलं.

मी अंगणात स्टुलावर बसून मिरच्या भाजत होते. ऑक्टोबरात आमच्या क्रातोव्हो गावात दुसरं काही होत नाही. प्रत्येक अंगणात एक शेगडी, तिच्यावर लाल ढोबळ्या मिरच्या, आणि समोर हिवाळ्यासाठीच्या आयव्हारच्या, म्हणजे या मिरच्यांच्या चटणीच्या, बरण्या मोजणारी एक बाई. बाकीच्या बाया उभ्या असतात. माझा डावा खुबा इतका झिजलाय की पायावर भार दिला की आत कुणीतरी गंजलेली किल्ली फिरवतं.

तर फोन. मोठ्या हॉस्पिटलातून बोलतेय, पाव्लिना का? हो. खुबा बदलायच्या ऑपरेशनची तुमची पाळी आलीय. पुढच्या मंगळवारी दाखल व्हा, बुधवारी सकाळी ऑपरेशन. उशी घरून आणा. यायला जमणार नसेल तर आधी कळवा, कृपया, म्हणजे तुमच्या मागच्यांना बोलावता येईल.

माझा नवरा व्हांगेल लाकडं फोडत होता. मी सांगितलं. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. छान, असं म्हणाला नाही.

"कोणी?"

"कोणी काय?"

"कोणी केलं आपलं काम?"

मी म्हटलं, कोणी नाही, पाळी आली. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी म्हटलं होतं की लाकडं आपोआप फुटली. मग त्याने विचारलं, ती बाई कशी बोलत होती. मी खरं ते सांगितलं. हॉस्पिटलातली बाई 'कृपया' म्हणाली हे ऐकून तो ओंडक्यावर बसलाच. एवढं गोड बोलतायत म्हणजे वरून कुणाचातरी शब्द गेलाय, आणि चांगला जड शब्द गेलाय, असं त्याचं म्हणणं पडलं.

पण त्याआधी माझी सासू

व्हांगेल वेडा नाही. हे आधी सांगायला हवं होतं, मागून सांगतेय.

त्याच्या आईच्या हृदयाची झडप खराब होती. तिची पाळी यायची, म्हणजे येता येता राहायची. कुणाची मावशी मध्ये शिरायची, कुणाच्या साहेबांचे वडील. तिला कुणी लुटलं नाही. प्रत्येकाने फक्त आपल्या एका ओळखीच्या माणसाला एक छोटासा शब्द टाकला, बस. आमची कुठेच ओळख नव्हती. व्हांगेल खाणीत ट्रक चालवायचा, मी शिवणाच्या कारखान्यात होते. आम्ही कोणाला शब्द टाकणार? सासू मागच्या खोलीत वारली तेव्हा तिची हॉस्पिटलची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. चपला, टॉवेल, कंगवा.

नंतर पद्धत बदलली. आता आपला नेहमीचा डॉक्टरच कॉम्प्युटरवर नाव घालतो आणि मध्ये कुणाला घुसवता येत नाही, असं टीव्हीवर सांगितलं. खाण पुन्हा सुरू होणार, असंही टीव्हीवरच सांगितलं होतं.

आमची डॉक्टर तरुण पोरगी आहे, इल्कोव्स्का. तिने माझं नाव घातलं, पडदा माझ्याकडे वळवला, तुमच्या पुढे एवढे लोक आहेत म्हणाली, आणि बाहेरच्या खोकणाऱ्या पोराला हाक मारली. मी विश्वास ठेवला. खोटं बोलायला तिच्याकडे वेळच नव्हता.

व्हांगेलने ठेवला नाही. तो तेव्हापासून ओळख शोधत होता, आणि मिळाली नव्हती. आणि आता काम झालं होतं.

आभार

त्याची युक्ती साधी होती. ज्यांच्यावर संशय आहे त्या प्रत्येकाकडे जायचं आणि आभार मानायचे. ज्याने केलं असेल तो आभार घेईल. ज्याने केलं नसेल तो म्हणेल, कसले आभार, मी नाही बुवा.

साठी ओलांडलेल्या माणसाने, तेही आमच्या गावच्या, असा विचार करावा याचं मला अजून नवल वाटतं. 'मी नाही' असं आमच्याकडे कोण म्हणतं? 'मी नाही' म्हणणं म्हणजे माझा शब्द कुठे चालत नाही असं स्वतःच्या तोंडाने कबूल करणं. त्यापेक्षा लोक चोरी कबूल करतील.

पहिला क्लिमे. हा आमचा कूम, म्हणजे आमच्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला आणि आमच्या मुलीला, सिमोनाला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलेला, भावापेक्षा जवळचा. पूर्वी हॉस्पिटलच्या कुठल्यातरी उपसंचालकाची गाडी चालवायचा. व्हांगेलने डुकराची धुरावलेली मांडी नेली आणि माझ्या आयव्हारच्या बरण्या नेल्या, ज्या मी बसून, कण्हत, एकेक मिरची सोलून भरल्या होत्या. क्लिमेने मांडीकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि म्हणाला, "आपल्यात आभार कसले रे."

व्हांगेल शीळ घालत घरी आला. जेवताना त्याचा घास थांबला. क्लिमेचा स्वतःचा गुडघा कामातून गेलाय. ज्याचा शब्द चालतो तो स्वतः लंगडत कशाला फिरेल?

मग रुमेना, त्याची चुलत बहीण, नर्स. लहान मुलांच्या वॉर्डात आहे, खुब्यांशी तिचा काय संबंध देव जाणे. राकियाची, म्हणजे घरच्या दारूची, बाटली आणि मध घेऊन गेला. तिने त्याला मिठी मारली आणि म्हणाली, "दादा, माणसाने माणसासाठी एवढंसुद्धा करू नये का?"

मग नगरपालिकेतला ट्राइचे, पक्षाचा माणूस, ज्याच्या खिशात नेहमी दुसऱ्याच कुणाचं तरी पेन असतं. उरलेल्या बरण्या तिकडे गेल्या. ट्राइचेने कसलं ऑपरेशन हेसुद्धा विचारलं नाही. "झालं ना? मग झालं," एवढंच म्हणाला.

एक खुबा, तीन उपकारकर्ते. आणि हिवाळ्यासाठी घरात आयव्हार नाही.

प्रश्न (सगळे व्हांगेलचे, सगळे अंथरुणात माझ्याकडे पाठ करून विचारलेले)

तिघांनी मिळून केलं का? मिळून केलं असेल तर एकमेकांना माहीत आहे का? माहीत नसेल आणि कळलं तर? तिघांपैकी दोघं खोटं बोलत असतील तर खऱ्याचा अपमान झाला का, कारण त्यालाही तेवढंच मिळालं जेवढं खोट्यांना? ट्राइचेने कसलं ऑपरेशन हे का विचारलं नाही, आधीच माहीत होतं म्हणून? रुमेनाने काहीच मागितलं नाही, हे चांगलं की वाईट? तू झोपलीस का?

मागणं

ट्राइचे स्वतः घरी आला. कॉफी घेतली, सरबत नको म्हणाला, माझ्या पायाकडे आपुलकीने बघितलं. आमची रस्त्यावरची खालची खोली रिकामीच असते ना, असं त्याने भिंतीला विचारलं. निवडणुका येतायत, पक्षाला एक जागा हवीय, फक्त निवडणुकीपुरती. एक टेबल, चार खुर्च्या, बाहेर एक झेंडा.

व्हांगेल हसून हो-नाही करत राहिला. ट्राइचे गेल्यावर त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं त्याला राग आलाय. राग नव्हता, समाधान होतं. संशय खरा निघाल्याचं काळं समाधान. बघ, म्हणाला, आलं की नाही बाहेर. एकदा झेंडा लागला की तो काढायचा कोणी? आणि दुसऱ्या पक्षाचे निवडून आले तर आपलं काय होणार? आज खोली मागतोय. तुझ्या शरीरात त्याचं लोखंड बसल्यावर काय मागेल?

माझ्या शरीरात त्याचं लोखंड. असं म्हणाला. मी त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्यावर खरोखर चिडले, कारण मलाही ते क्षणभर दिसलं. माझ्या खुब्यात ट्राइचे.

सोमवार, व्हांगेल सांगतो तसा

आपल्याला जे नको त्याला सरळ नाही म्हणावं. मी ट्राइचेकडे गेलो आणि म्हटलं, तुमचे फार उपकार, पण आम्ही थांबू, तुम्ही टाकलेला शब्द मागे घ्या. तो म्हणाला, तुमची मर्जी, मी सांगतो त्यांना. चांगला वागला. घरी येऊन मी पाव्लिनाला शांतपणे समजावलं की आपण आपली स्वतःची ओळख काढू, जिची किंमत आपल्याला आधी माहीत असेल, आणि वसंतात ऑपरेशन करू. तिने ऐकून घेतलं.

सोमवार

मी पिशवी भरत होते. उशी बसत नव्हती. तो दारात उभा राहून म्हणाला, ठेव ते, मी रद्द करून आलोय.

मी ऐकून घेतलं नाही. मी हातातली उशी त्याला फेकून मारली, आणि फेकताना तोल जाऊन पलंगावर पडले. मग उठता येईना. त्याने उठवायला हात पुढे केला, तो मी झटकला. तशीच आडवी पडून बोलले.

"मी मिरच्या बसून भाजते. चर्चमध्ये सगळे उभे असतात तेव्हा मी बसलेली असते. मोजे तू घालतोस मला. वसंत म्हणजे काय, तुला माहीत आहे?"

"तुझ्यासाठीच केलं ना पण. आईचं काय झालं—"

"आईची पाळी दुसऱ्यांनी घेतली. माझी तू दिलीस."

तो कोपऱ्याकडे बघत म्हणाला की पाळी कधी आपली नसतेच, कुणीतरी दिलेली असते. मी म्हटलं, कारखान्यात होते तेव्हापासून माझ्या पगारातून याच्यासाठी कापत आलेत, तुझ्याही. कुणाच्या बापाने दिलीय?

"ज्यांनी कधी दमडी भरली नाही तेही आहेत त्याच रांगेत," तो म्हणाला.

"असू देत. त्यांनाही खुबे आहेत."

मग मी फोन मागितला. त्याने दिला नाही; मी तिथपर्यंत सरकत गेले आणि घेतला. तीच बाई. मी म्हटलं, मी पाव्लिना, माझं नाव चुकून निघालंय का? तिने बघितलं. नाही, म्हणाली, उद्या आहे, पलंग ठेवलाय. मी विचारलं, आमच्या गावातून कुणी रद्द करायला सांगितलं होतं का, नगरपालिकेतून, पक्षातून, कुठूनही. तिला हसू आलं असावं.

"बाई, दुसरा कुणी कसा रद्द करेल? पाळी तुमची आहे. तुम्हाला यायचं नाहीये का?"

मी म्हटलं, यायचंय. फोन व्हांगेलच्या कानापासून दोन विती लांब होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

तो खुर्चीवर बसला. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला ऐकू येत होतं, इतकी वर्षं झाली लग्नाला. ट्राइचे म्हणाला मी सांगतो त्यांना. सांगितलं नाही, किंवा सांगूनही काही झालं नाही. ज्याला परत घेता येत नाही त्याने दिलंच नव्हतं. इथपर्यंत तो बरोबर आला. माझं मन हलकं झालं. मी म्हणणारच होते की झालं ना, आता उशी दे.

"म्हणजे ट्राइचे खोटा," तो हळूच म्हणाला. "म्हणजे तिघंही खोटे. म्हणजे जो खरा आहे, तो अजून लपलाय."

हॉस्पिटल, तिथे भिंतींना पोपडे आलेले

गाडीत मागे आणखी एक धुरावलेली मांडी होती. मला माहीत नव्हतं.

खोलीत दोन पलंग. दुसऱ्यावर हाय्रिये नावाची बाई, कुमानोव्होच्या बाजूची, शाळेत स्वयंपाकाला होती, उजवा खुबा. बुधवारी आधी माझं ऑपरेशन, मग तिचं. तिने मला सांगितलं, नर्सकडून कळलंय, पहिलं लांबलं तर दुसरं राहतं, मग पुढच्या आठवड्यात. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या उशाशी बिस्किटांचा पुडा होता, न फोडलेला. मुलगा तिला सोडून कामावर गेला होता.

व्हांगेल सर्जनला गाठायला गेला. डॉक्टर आर्सोव्ह, डोळ्यांखाली काळं, उभ्या उभ्या कडक पावाचं कडं चावत असलेला माणूस. पुढचं मला व्हांगेलने सांगितलं, पण त्याच्या चेहऱ्यावरून मला आधीच कळलं होतं. डॉक्टरने मांडी घेतली नाही. आधी नको म्हणाला, मग घरी घेऊन जा म्हणाला, आणि व्हांगेलने त्याच्या कपाटाशी ठेवली तेव्हा ती उचलून परत याच्या हातात दिली आणि चालू लागला.

व्हांगेल पांढरा पडून परत आला. मांडी पोटाशी धरून, जशी कुणी मूल धरतं.

तुम्हाला हे समजावून सांगायला हवं का? आमच्याकडे डॉक्टर घेतो तेव्हा तुम्ही निश्चिंत होता. घेत नाही तेव्हा दोनच अर्थ. एक, त्याला आधीच कुणीतरी जास्त दिलंय. दोन, त्याला माहीत आहे की काही उपयोग नाही, आणि मरणाऱ्या बाईच्या घरून आलेली मांडी खायला त्याचं मन होत नाही.

त्या संध्याकाळी व्हांगेलने माझे मोजे काढून दिले आणि तो गेला. सकाळी सगळ्यात आधी आला.

"ऊठ. जाऊ या."

मी पलंगावर, हिरवा झगा, पायावर बाणाची खूण. बाहेर चाकाचा पलंग आणून ठेवलेला. तो वाकून, हाय्रियेला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, मला सांगत होता की त्याने घेतलं नाही, आपल्याला काहीतरी सांगत नाहीयेत, तपासण्यांमध्ये काहीतरी निघालंय, तुझं हृदयच, आईसारखं. किंवा तुझ्यावर शिकायला बसवलंय कुणालातरी. फुकट का बोलावतील? एवढं चांगलं का वागतील?

आणि मला भीती वाटली. हे खरं सांगते. सोमवारी मी जे बोलले ते सगळं माझ्याजवळ होतं, पगार, कापलेले पैसे, माझी पाळी, पण झग्यात तुमच्याजवळ काही उरत नाही. मी एक पाय खाली टेकवला. किल्ली फिरली.

आर्सोव्ह आत आला आणि त्याने बघितलं. मी त्याला विचारलं, त्याने मांडी का घेतली नाही. असंच विचारलं, दुसरे शब्द सापडले नाहीत. माझ्यात काही निघालंय का, हेही विचारलं.

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो थकून, जरा चिडूनच बोलला. खुबा झिजलाय, हेच निघालंय. हृदय चांगलं आहे. मांडी घेतली नाही कारण पगार मिळतो, आणि मांड्या घ्यायला लागलो तर उद्या मांडी न आणणाऱ्याकडे मी कसा बघेन ते मलाच माहीत नाही. तो दाराकडे वळला.

"तुम्हाला जायचं असेल तर जा. कुणी धरून ठेवत नाही. पण आत्ता सांगा, म्हणजे मी यांना आधी घेतो."

यांना म्हणजे हाय्रियेला.

मी तिच्याकडे बघितलं. ती उठून बसली होती. आदल्या दिवसापासून उपाशी, ओठ सुकलेले, हात मांडीवर. तिने नजर वळवली नाही. वाईट बाई नव्हती. कालच तिने माझी उशी नीट केली होती. पण मी उठून जावं, असं तिला मनापासून वाटत होतं. इतकं स्पष्ट की मला जवळजवळ ऐकू आलं.

क्लिमे, रुमेना, ट्राइचे आणि त्या लपलेल्या चौथ्याच्या शोधात आठवडाभर घर उलथंपालथं झालं, आणि मी कुणाच्या ओळखीने आले हे विचारायला शेवटपर्यंत कुणी आलं नाही. कुणी येणारच नव्हतं. माझ्यामागे कोणी उपकारकर्ता उभा नव्हता. माझ्यामागे ही उभी होती. जी वस्तू दुसऱ्याला एवढी हवी असते ती खरीच असणार. आणि मी ती सोडली तर ती कुठल्या ट्राइचेकडे जाणार नव्हती, हिच्याकडे जाणार होती. आणि मी धरली तरी दुपारी हिच्याकडेच जाणार होती, देव करो आणि माझं न लांबो.

मी पाय वर घेतला.

"न्या," मी म्हटलं.

व्हांगेलने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याच्या हातांना धुरावलेल्या मांसाचा वास येत होता. त्याने सोडला नाही, तेव्हा नर्सने एकेक बोट सोडवलं, पोरांचं सोडवतात तसं, आणि म्हणाली, काका, इथेच बसा, कुठे जाऊ नका. मला ढकलत नेलं. छत सरकायला लागलं. मागे, दार लागायच्या आत, खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि मग माझ्या नवऱ्याचा, दबका, चौकशीचा, काही केल्या न सुटणारा आवाज.

"ताई, रागावू नका, पण तुम्ही कोणामार्फत आलात?"

आणि हाय्रियेचा, भुकेने कंटाळलेला.

"यांच्या मागून."